लाल स्वेटरातली बाई

लॉस माइतेनेस,
मंगळवार, ८ ऑगस्ट

प्रिय बेर्नार्दिता,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मला दोन वाक्यं धड पुरी करू देत नाहीस. शिवाय आता तुझा डावा कान गेलाय नि माझा उजवा, म्हणजे दोघींनी नुसतं ओरडायचं आणि अख्ख्या गावाने ऐकायचं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. जे सांगायचंय ते बासष्ट वर्षं पोटात ठेवलंय, ते असं घाईघाईत बाहेर येणारही नाही. तेव्हा चहा घेऊन बस, आणि मधेच पत्र खाली ठेवून कुणाला फोन लावू नकोस. शनिवारी वर कुंब्रे आल्बाला, हॉटेलच्या दारातल्या आपल्या त्या जुन्या जाहिरातीच्या चित्राखाली पितळी पाटी लागणार आहे. तिच्यावर तुझ्या नावाशेजारी माझं नाव कोरायचं ठरलंय. आणि बेर्नार्दिता, ते नाव चुकीचं आहे.

मागच्या आठवड्यात ती पिया आली होती, कंपनीच्या जाहिरात खात्यातली. मुलगी गोड आहे, पण प्रत्येक वाक्य कुठेतरी छापून येणार असल्यासारखी बोलते. आल्या आल्या म्हणाली, "ओर्फेलिनाबाई, तुम्ही म्हणजे आमचा चालताबोलता इतिहास!" मी म्हटलं, "बाई गं, या इतिहासाचा गुडघा दुखतोय, आधी बसू तर दे." तिनेच मला तुझी मुलाखत वाचून दाखवली. चित्रातला चेहरा तेवढा माझा, मला स्कीवर साधं उभंही राहता येत नव्हतं, उतारावरून आली ती माझी मैत्रीण ओर्फेलिना, असं तू सांगून टाकलंस. मला रडूच आलं गं. साठ वर्षं लोकांनी तुला 'आल्बाची राणी' म्हणून मिरवलं, आणि ब्याऐंशीव्या वर्षी तू आपणहून अर्धा मान काढून दिलास. कोण करतं असं? मला तुझा इतका अभिमान वाटला की मी पियाला जबरदस्तीने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. पण तू तो मान ज्या बाईच्या पदरात टाकलास, ती त्या दिवशी उतरलीच नव्हती.

तुला ते आठ दिवस आठवतात ना? जाहिरातीच्या फोटोसाठी तू आलीस आणि हॉटेलात खोली नव्हती म्हणून तुला आमच्याकडे आणून टाकलं होतं. सांतियागोच्या कापडदुकानातली मुलगी, हसली की सगळे दात दिसायचे, आणि बर्फ बघून पहिलं काय म्हणालीस, तर "एवढ्या पांढऱ्यावर डाग पडत नाहीत का?" मी सतरा वर्षांची होते. एका पलंगावर, तीन घोंगड्यांखाली, तू मला शहरातल्या गोष्टी सांगायचीस आणि तुझे गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावायचीस. तुझा फोटो काढला तो हॉटेलच्या गच्चीत, खुर्चीवर बसवून. केस वाऱ्यावर उडाल्यासारखे दिसावेत म्हणून मी खाली गुडघ्यावर बसून स्वयंपाकघरातला भाता मारत होते, आणि मधेच राख उडाली तर तू अशी शिंकलीस की तो लादिस्लाओ फोटोवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "राणीसाहेब, नाक पुसा!" पुढे देशभर त्या केसांची तारीफ झाली. तो वारा माझा होता. तेवढं मात्र खुशाल पाटीवर लिहा म्हणावं.

आता त्यांचं ते कंपनीच्या सत्तर वर्षांचं पुस्तक घे. पियाने मला एक प्रत दिली, गुळगुळीत कागद, हातात धरवत नाही एवढी जड. पहिल्याच पानावर कंपनीचे संस्थापक लेओपोल्दोसाहेब, ऑस्ट्रियाहून आलेले, काठी रोखून कड्यावर उभे. खाली लिहिलंय की त्यांनी ही दरी पाहिली आणि त्यांना क्षणात कळलं. काय कळलं? डोंबल! त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. दोन दिवस काळा चष्मा न लावता बर्फात हिंडले होते, डोळे टोमॅटोसारखे सुजलेले, पाण्याने गळत होते. माझ्या बाबांनी त्यांच्या डोळ्यांना ओलं फडकं बांधलं, त्यांना खेचरावर बसवलं आणि लगाम हातात धरून वर आणलं. वारा कुठे लागत नाही, बर्फ कुठे हिवाळा सरेपर्यंत, सप्टेंबरपर्यंत टिकतो, हे बाबांना ठाऊक होतं, कारण सगळे खेचरवाले तिथेच मुक्काम करायचे. बाबांनी त्यांना उतरवून सांगितलं, "साहेब, आलं." आणि साहेब म्हणाले, "किती सुंदर!" फडक्याच्या आतून! बाबा हे सांगताना प्रत्येक वेळी तेवढं हसायचे. जागेचं नावसुद्धा तेव्हा 'मेलेलं खेचर' असं होतं. ते काही पत्रकावर छापता येईना, म्हणून कुंब्रे आल्बा झालं. पाहुण्यांना उतारावर चढवणाऱ्या लिफ्टचं इंजिन सुटं करून वर नेलं तेव्हा बाबांची आणखी तीन खेचरं मेली. पुस्तकात त्यावर अर्धी ओळ आहे: 'स्थानिक लोकांच्या साहाय्याने'. मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा वाचली. तेवढीच आहे.

आणि स्की म्हणे त्या साहेबांनी आणली! अगं, मी जन्मायच्या आधीपासून बाबा हिवाळ्यात पायांना लांब फळ्या बांधून खिंडीपलीकडे टपाल नेत होते. खेचरं बर्फात रुततात, पण चिठ्ठ्या थोड्याच थांबतात? एकच लांब काठी हातात, वेग जास्त झाला की तिच्यावर बसून ब्रेक लावायचा. खिशात भाजलेलं पीठ, गरम पाणी मिळालं तर त्यात कालवायचं, नाहीतर कोरडंच तोंडात टाकायचं. कमरेला आईने विणलेला पट्टा, चार वेढ्यांचा. तो बांधल्याशिवाय आमच्याकडचा खेचरवाला अंगणात पाऊल टाकत नाही. कंबर मोकळी म्हणजे माणूस अर्धा, असं बाबा म्हणायचे. मला त्यांनीच शिकवलं. नंतर उतार तुडवायच्या कामावर मी लागले तेही त्यांच्याच टोळीत. आज माझा नातू गरम केबिनमध्ये बसून, गाणी ऐकत, मशीनने एका तासात उतार सपाट करतो. तेव्हा आम्ही चौदा जण उजाडायच्या आत वर जायचो, स्की आडव्या करून खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहायचो आणि पाऊल पाऊल तुडवत खाली यायचो, खळ्यात घोड्या फिरवून गहू मळतात ना, तसे. पाहुणे न्याहारी करून बाहेर यायचे तेव्हा उतार तयार. त्यांना वाटायचं देवानेच इस्त्री करून ठेवलाय. एकाही जाहिरातीत आमची ओळ दिसत नाही. लादिस्लाओ आम्हाला सरळ सांगायचा, "चला, चला, चौकटीतून बाहेर व्हा."

तर त्या सकाळी लादिस्लाओला न तुडवलेला उतार हवा होता. पायाचा एक ठसा नको. हॉटेलच्या मागचा तो मोठा उतार त्याने निवडला. चेहरा तुझा आदल्या दिवशीच घेऊन झाला होता, आता धड हवं होतं, आणि धडासाठी मला निवडलं होतं. तुझा लाल स्वेटर, पांढरी टोपी. मी अशी फुशारले होते म्हणून सांगू! टोळीतले बाकीचे न्याहारीला खाली गेले होते. वर मी, बाबा आणि हॉटेलचा मॅनेजर, खाली समोरच्या टेकाडावर लादिस्लाओ कॅमेरा लावून. बाबांनी काठी उतारावर आपटली. पुन्हा आपटली. म्हणाले, "याचं पोट रिकामं आहे. रात्रीच्या वाऱ्याने आणून टाकलाय हा, खालच्याला धरून नाही. कुणी उतरायचं नाही." मॅनेजर चिडला. आबेलिनो, तू खेचरांचं बघ, असं बाबांना म्हणाला. मुलगी उतरणार नसेल तर तुझ्या टोळीने उद्यापासून यायचं नाही, असंही म्हणाला.

आणि मी काय केलं माहितीये? हे मी कबुलीच्या वेळी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. मी मॅनेजरची बाजू घेतली. बाबांना म्हटलं, "लिफ्ट आली, आता तुमच्या खेचरांना कुणी विचारत नाही, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय. माझं नाव होतंय ते बघवत नाही तुम्हाला." सतरा वर्षांची जीभ! बाबांनी टोपी काढली, अंगावरचा लोकरी पोंचो काढून बर्फावर ठेवला आणि म्हणाले, "स्वेटर काढ." मला कळेचना. "काढ म्हणतो ना!" असा आवाज त्यांनी माझ्यावर कधीच चढवला नव्हता. बाबा किडकिडीत होते, उंचीला माझ्याएवढेच. तुझा तो लाल स्वेटर त्यांनी डोक्यातून चढवला, पांढरी टोपी भुवयांपर्यंत ओढली, आणि सवयीने, बघ हं, निव्वळ सवयीने, त्या बायकी स्वेटरावर आपला पट्टा चार वेढे देऊन बांधला. मॅनेजर हसला. मला हसूही आलं आणि लाजही वाटली. मला म्हणाले, "ओर्फे, खडकाच्या मागे उभी राहा. मी हाक मारेपर्यंत हलायचं नाही." आणि गेले.

पाच वळणं घेतली त्यांनी. पाचव्याला उतार तडकला. आवाज आधी पायांना कळतो, कानांना मागून. अख्खा उतार त्यांच्या पाठीमागून सुटला, घराएवढा उंच पांढरा लोट. ते सरळ खाली पळाले नाहीत. सरळ पळालेला माणूस सापडतो तो वसंतात. ते डाव्या अंगाला, त्या काळ्या खडकाच्या धारेकडे तिरके कापत गेले, काठी फेकून दिली, आणि लोट अंगावर यायच्या क्षणी धारेवर झोकून दिलं. बर्फ दोन्ही बाजूंनी निघून गेला. मग काही दिसेना. मी हाका मारत होते, "बाबा, बाबा!" आणि स्वतःच्याच तोंडातले ते मघाचे शब्द माझ्या कानात वाजत होते. धूळ खाली बसली तेव्हा खडकावर लाल ठिपका हलला. बेर्नार्दिता, आयुष्यात मला कुठलाही रंग इतका सुंदर वाटला नाही.

तू हॉटेलमधून विचारलंस, हा कसला आवाज? मॅनेजर म्हणाला, नव्या लिफ्टसाठी सुरुंग लावलेत. संध्याकाळी बाबा बरगडी धरून बसले होते, तू विचारलंस तर म्हणाले खेचराने लाथ मारली, आणि तू इतकी हसलीस की तेही हसले, दुखत असताना. तुझा काय दोष! मॅनेजरला बर्फ सुटल्याची बातमी नको होती, पाहुणे पळाले असते. आणि बाबांना ती स्वेटरची बातमी नको होती. त्यांनी माझा हात धरून शपथ घ्यायला लावली. "पोरी, मेलो असतो तर चाललं असतं. पण या खिंडीतले सगळे खेचरवाले मला मरेपर्यंत आबेलिनाबाई म्हणतील, ते नको." मॅनेजरने सगळ्यांना सांगितलं की ओर्फेलिना उतरली आणि काही झालं नाही. मला नव्या स्की बक्षीस दिल्या. मी त्या घेतल्या.

तो फोटो मात्र लादिस्लाओला मिळाला. चित्रात तुझ्यामागे तो पांढरा पिसारा उसळलाय ना, ज्याला पत्रकात 'आंदीजच्या ताज्या बर्फाचा उत्सव' म्हणतात, ज्याच्यासाठी ब्राझीलहून माणसं येतात, तो तोच. माझ्या बापाच्या पाठीला लागलेला. चितारणाऱ्याने तुझा चेहरा बसवला, हातात दोन नव्या काठ्या दिल्या, कंबर बारीक केली आणि आईच्या पट्ट्याचा नाजूक पांढरा बेल्ट करून टाकला. त्या वर्षी सांतियागोच्या मुली लाल स्वेटरावर पांढरा बेल्ट बांधून हिंडत होत्या, तूच लिहिलं होतंस मला. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "चला, फॅशन तरी आपण आणली." बसथांब्यावर चित्र लागलं तेव्हा रोज त्याच्यासमोरून खेचरं नेताना ते मान वळवून बघायचे. एकदाच मला हळूच म्हणाले, "पाचवं वळण बघ. पाठ कशी सरळ आहे." त्यांना त्या वळणाचा अभिमान होता गं. आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती. मी मात्र त्याच चित्राच्या जोरावर स्की-शाळेत लागले, इथली पहिली शिक्षिका झाले, एकतीस वर्षं शिकवलं. चांगलं शिकवलं, ते माझं मी कमावलेलं आहे, त्यात मी कुणाला हात लावू देणार नाही. पण दरवाजा उघडला तो त्यांनी. ते जाऊन आता चौतीस वर्षं झाली, आणि त्यांना आबेलिनाबाई म्हणायला त्या खिंडीतला एकही जण शिल्लक नाही. शपथ मोडली ती मी हे सगळं मोजून.

मागच्या आठवड्यातच पिया दुसऱ्यांदा आली, तेव्हा तिने जुनी निगेटिव्ह दाखवली, मूळ फोटोची. बोट ठेवून विचारलं, "बाई, ही कमरेला शेपटी कसली?" पट्ट्याचं टोक वाऱ्यावर उडालं होतं. आईची वीण मी ओळखणार नाही? मी तिला तिथेच सगळं सांगितलं. पोरीचे डोळे भरले, खरंच भरले. पण परवा वरून उत्तर घेऊन आली. आल्बाची राणी पन्नाशीचा मिशीवाला खेचरवाला असू शकत नाही, शर्ट छापून झालेत, 'दोन मैत्रिणी, एक स्वप्न' असं ठरलंय, आणि बर्फ सुटल्याचा तर उच्चारही नको. पाटीवर तुझं आणि माझं नाव, नाहीतर तुझ्या एकटीचं. मी म्हटलं, "आणि आबेलिनो कारकामो?" ती खाली बघून म्हणाली, "पुस्तकात स्थानिक लोकांचा उल्लेख आहे, बाई." मी परवानगीचा कागद सही न करता तिच्या हातात परत दिला.

असाच एक कागद तुझ्याकडे येणार आहे, गुरुवारी. चेहरा तुझा आहे, त्यामुळे तुझ्या सहीशिवाय चित्र नव्याने लावता येत नाही, हे पियानेच मला दारात, हळू आवाजात सांगितलं. म्हणून हे पत्र पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो स्वतः तुझ्या हातात आणून देईल. तुझी नातवंडं येणार आहेत, तू निळा कोट शिवून घेतलायस, तू या दिवसाची किती वाट पाहिलीस, सगळं मला ठाऊक आहे. मी मागतेय ते थोडं नाही. पण मी त्या उतारावरून सरळ खाली गेले असते, बेर्नार्दिता. मला वेगाचीच घमेंड होती, खडकाची धार मला माहीतच नव्हती. माझं मरण माझ्या अंगावरून काढून त्याने स्वतःच्या अंगावर चढवलं, आणि ते घेऊन पाच वळणं नीट घेतली. त्याचं नाव लिहितो म्हणाले तर सही कर, मी तुझा हात धरून वर येईन. नाही म्हणाले, तर करू नकोस.

तुझीच,
ओर्फेलिना,
आबेलिनो कारकामोची मुलगी